सांगलीत कॅड-कॅमसाठी पीसी: रायझन ७ ७७०० घ्यावा, की ७६०० घेऊन ओव्हरक्लॉक करावा?

कुपवाड_टूलरूम:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या टूलरूमच्या ऑफिससाठी नवा पीसी जुळवायचाय. दिवसभर सॉलिडवर्क्स (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालतं, २०० ते ३०० पार्टच्या असेंब्ली असतात. फिक्स्चरचं स्ट्रेस ॲनालिसिस आणि कॅमचे टूलपाथ (मशीनच्या कटरचे मार्ग) रोज काढावे लागतात. आठवड्यातून एखाददुसरं ब्लेंडर रेंडर. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० ठरलंय.

दुकानदाराने दोन कोटेशन दिली आहेत. दोन्हींत मदरबोर्ड ए६२० आणि ३२ जीबी डीडीआर५ रॅम. एकात एएमडीचा प्रोसेसर रायझन ५ ७६००, दुसऱ्यात रायझन ७ ७७००. फरक ८ हजारांचा. दुकानातच सल्ला मिळाला की ७६०० घ्या, बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंगमधून) ओव्हरक्लॉक करा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवा, ७७०० च्या बरोबरीला येतो. हे खरं आहे का? खरं असेल तर ८ हजार रॅममध्ये घालतो. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे, पत्र्याखाली. एसी नाही. महावितरणची लाईट दिवसातून एकदा तरी जाते, ६०० व्हीएचा यूपीएस आहे. जाणकारांनी सांगावं.


व्होल्ट_आणि_वॅट:
पहिली गोष्ट, ए६२० बोर्डावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोय एएमडीने दिलेलीच नाही. रॅमचं एक्स्पो प्रोफाईल (रॅम तिच्या छापील वेगाला चालवणारी तयार सेटिंग) चालतं, पण पीबीओ (प्रोसेसरच्या वीजमर्यादा वाढवणं), कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज थोडं कमी-जास्त करणं), मल्टिप्लायर (थेट वेग ठरवणारा गुणक) यातलं काही नाही. म्हणजे कोटेशन क्रमांक एक आणि दुकानातला सल्ला एकत्र नांदूच शकत नाहीत. ओव्हरक्लॉक करायचं तर बी६५० घ्यावा लागेल.

दुसरी गोष्ट कूलरची. ७६०० च्या डब्यात रेथ स्टेल्थ येतो. तो नुसता ॲल्युमिनियमचा आहे, हीटपाइप (उष्णता वाहून नेणारी नळी) एकही नाही. प्रोसेसरच्या मूळ ८८ वॅटच्या मर्यादेला तो कसाबसा पुरतो, त्यापुढे नाही. ७७०० च्या डब्यात रेथ प्रिझम येतो, त्याला तांब्याचे चार हीटपाइप आहेत. म्हणजे ७६०० च्या मार्गाने गेलात तर वेगळा टॉवर कूलर घ्यायचा आणि बोर्ड वरच्या वर्गातला घ्यायचा. ए६२० ते बरा बी६५० हा फरक तीन-चार हजार, चार हीटपाइपचा टॉवर कूलर दोन-अडीच हजार. तुमच्या ८ हजारांपैकी हातात उरले दीड ते तीन हजार.

आता त्या बदल्यात काय मिळतं ते बघा. ७६०० म्हणजे ६ कोअर, १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), बूस्ट (कमाल वेग) ५.१ गिगाहर्ट्झ. ७७०० म्हणजे ८ कोअर, १६ थ्रेड, बूस्ट ५.३. सगळे कोअर कामाला लागले की ७६०० मुळातच ४.८ ते ५ च्या दरम्यान चालतो. चांगला कूलर लावून, पीबीओ उघडून तो ५.२ च्या आसपास नेता येतो. ही वाढ ४ ते ८ टक्क्यांची. दोन जादा कोअर म्हणजे ३३ टक्के. सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या चाचणीत ७६०० चा मल्टी स्कोअर १४ हजारांच्या आसपास येतो, ७७०० चा १८ ते १९ हजार. ओव्हरक्लॉक केलेला ७६०० फार तर १५ हजारांवर जाईल. बरोबरी कुठेच होत नाही.

पूर्वी व्हायची, म्हणून हा सल्ला अजून फिरतो. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० ला चालायचा, सरळ दीडपट. तेव्हा कंपन्या बरीच ताकद शिल्लक ठेवून चिप विकायच्या. आता प्रत्येक चिप तापमान, करंट आणि व्होल्टेज बघत सेकंदाला कित्येक वेळा स्वतःचा वेग ठरवते आणि जवळपास कडेपर्यंत जाते. कारखान्यातून निघतानाच ओव्हरक्लॉक झालेली असते म्हणा ना.

आणि त्या शेवटच्या काही टक्क्यांची किंमत वॅटमध्ये मोजावी लागते. चिपची वीज ही वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशा हिशोबाने वाढते. उदाहरणादाखल, ५ गिगाहर्ट्झला १.१५ व्होल्ट लागत असतील आणि ५.३ ला १.२५, तर वेग वाढला ६ टक्के आणि वीज वाढली २५ टक्के. याच हिशोबामुळे ८ कोअर थोड्या कमी वेगाने चालवणं ६ कोअर ताणून पळवण्यापेक्षा नेहमी स्वस्त पडतं. ७७०० ची मर्यादासुद्धा तीच ८८ वॅट आहे आणि त्याच ८८ वॅटमध्ये तो तिसरा हिस्सा जास्त काम करतो.


कृष्णाकाठ:
वरचं गणित बरोबर आहे, पण कामाची फोड केल्याशिवाय ७७०० सांगू नका. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रीबिल्ड होतं ते फीचरमागून फीचर, एकाच थ्रेडवर. तिथे ६ कोअर आणि ८ कोअर सारखेच. कामाला येतो तो एका कोअरचा बूस्ट: ५.१ विरुद्ध ५.३, म्हणजे ४ टक्के. माऊसवर बसलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. ड्रॉइंग उघडायला वेळ लागतो, तिथे एनव्हीएमई एसएसडी आणि फाईल नेटवर्कवर आहे की आपल्याच मशीनमध्ये, याने जास्त फरक पडतो.

ब्लेंडरचं रेंडर सीपीयूवर काढत असाल तर ते आधी बंद करा. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीम, सायकल्स रेंडर डिव्हाइसेस, तिथे ऑप्टिक्स निवडा आणि ४०६० वर टिक करा. मग सीनमध्ये डिव्हाइस जीपीयू ठेवा. ४०६० हे काम या दोन्ही प्रोसेसरच्या कितीतरी पट वेगाने करतं. अडचण एकच, कार्डाची मेमरी ८ जीबी आहे. कॅडमधून आणलेल्या असेंब्लीत स्क्रूच्या प्रत्येक आट्याची जाळी लाखो त्रिकोणांची होते, त्यामुळे निर्यात करतानाच आटे काढून टाका आणि एसटीएलची बारकाई कमी ठेवा.

राहिलं स्ट्रेस ॲनालिसिस आणि टूलपाथ. इथे जादा कोअर खरोखर लागतात. पण सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) डायरेक्ट स्पार्स प्रकारचा ठेवत असाल तर तो आधी रॅम खातो. रॅम संपली की विंडोज एसएसडीवर लिहायला लागतं आणि मग प्रोसेसर कुठलाही असो, बसून राहतो. म्हणून आधी आत्ताच्या मशीनवर नेहमीचा सॉल्व्ह लावून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी किती भरते, कोअर किती चालतात, हे दोन आकडे इथे टाका. त्यावर निर्णय होईल.


रिगबांधणी:
ओव्हरक्लॉक कसा करायचा हे कुणी लिहिलं नाही. पुढे वाचणाऱ्यांना लागेल म्हणून पूर्ण लिहितो, एएम५ साठी, म्हणजे रायझन ७००० ज्या सॉकेटवर बसतात त्यासाठी.

सुरुवात बायोस अपडेटपासून. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही बोर्डांवर रायझन ७०००, विशेषतः एक्स३डी चिपा जळाल्या होत्या. त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दुकानात पडून असलेल्या बोर्डावर जुना बायोस असू शकतो. अपडेट यूपीएसवर असतानाच करा, मध्येच लाईट गेली तर बोर्ड बंद पडतो. काही बोर्डांवर नुसत्या पेनड्राइव्हने बायोस परत भरायचं बटण असतं, ते असलेला बोर्ड बघून घ्या.

मग काहीही न बदलता सिनेबेंच आर२३ अर्धा तास सलग चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान, वॅट, सगळ्या कोअरचा वेग लिहून ठेवा. हा पाया नसेल तर नंतर फायदा झाला की तोटा हेच कळत नाही.

रॅमचं एक्स्पो स्वतंत्रपणे चालू करा आणि त्याची चाचणी संपल्याशिवाय प्रोसेसरला हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं तर क्रॅश कशामुळे झाला ते शोधताना दिवस जातो. एक्स्पो लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. मेमरी ट्रेनिंग चालू असतं. बटण दाबून बंद करू नका. नंतर मेमटेस्ट८६ चे चार पास, एकही चूक चालणार नाही. ६००० वेगाच्या १६ जीबीच्या दोन स्टिका हा जमलेला संच आहे. चार स्टिका लावल्या तर रायझन ७००० चा अधिकृत वेग ३६०० वर उतरतो, त्यामुळे पुढे ६४ करायचे असतील तर आत्ताच ३२ च्या दोन घ्या.

प्रोसेसरला सगळ्या कोअरना एकच ठराविक वेग आणि ठराविक व्होल्टेज देऊ नका. तसं केलं की एका कोअरचा बूस्ट मरतो आणि सॉलिडवर्क्स उलट मंद होतं. पीबीओ वापरा. ७६०० च्या मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वीज) ८८ वॅट, टीडीसी (सलग करंट) ७५ अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंट) १५० अँपिअर. ७६००एक्सच्या १४२, ११० आणि १७०. हे तीन आकडे भरले की ७६०० जवळपास ७६००एक्स होतो, म्हणून एक्ससाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. त्याच पानावर थर्मल लिमिट असतं, ते ९५ वरून ८५ करा.

त्यानंतर कर्व्ह ऑप्टिमायझर, सगळ्या कोअरना निगेटिव्ह १०. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. चाचणी पास झाली की १५, मग २०. पुढे ३० पर्यंतही जाता येतं, पण सगळे कोअर तिथे टिकत नाहीत.

इथेच बहुतेकांची फसगत होते. निगेटिव्ह कर्व्ह सिनेबेंचमध्ये पडत नाही, कारण तिथे सगळे कोअर भरलेले असतात आणि वेग कमी असतो. तो पडतो मशीन रिकामं असताना किंवा एकच कोअर पूर्ण बूस्टला गेल्यावर, म्हणजे तुम्ही चहाला गेलात की. म्हणून कोअरसायकलर वापरायचा. तो एकेका कोअरवर प्राइम९५ चालवतो आणि कुठला कोअर चुकला ते सांगतो. रात्रभर लावा. चुकलेल्या कोअरपुरता आकडा ५ ने मागे घ्या, बाकीचे तसेच ठेवा. त्यावर ओसीसीटी ही भाराची चाचणी एक तास. शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी शोधा. १९ क्रमांक म्हणजे चूक झाली पण सुधारली, १८ म्हणजे मशीन त्याच क्षणी बसलं. १९ च्या नोंदी दिसत असतील तर निळी स्क्रीन आली नसली तरी ते ओव्हरक्लॉक स्थिर नाही.

बूटच होत नसेल तर पीएसयूचं (पॉवर सप्लायचं) बटण बंद, बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोस मूळ स्थितीला आणणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

वॉरंटीचं स्पष्ट सांगतो. पीबीओने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हे त्यांच्याच अटींत लिहिलेलं आहे.


व्होल्ट_आणि_वॅट:
वरच्या चाचण्या सांगलीत करायच्या तर एप्रिल-मेमध्ये करा, किंवा हिवाळ्यात केल्या तर हिशोब लावून करा. हवेच्या कूलरवर प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक एक ठराविक फरक. डिसेंबरात सकाळी २४ अंशाच्या खोलीत चिप ८४ दाखवत असेल तर फरक ६० चा. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी ३९ झाले की तीच चिप ९९ मागणार, म्हणजे ९५ च्या हद्दीवर वेग कापला जाणार. ज्या ६ टक्क्यांसाठी कूलर आणि बोर्ड घेतला ते ६ टक्के बरोबर उन्हाळ्यात गायब. शिवाय गरम चिपला त्याच वेगासाठी जादा व्होल्टेज लागतं, त्यामुळे जानेवारीत पास झालेला निगेटिव्ह २० मेमध्ये नापास होऊ शकतो.

यूपीएसचंही बघा. ६०० व्हीएचे यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. पीबीओ उघडलेला प्रोसेसर १४२, ४०६० चे ११५, बाकी बोर्ड-रॅम-पंखे ५० धरले तर ३०७. पीएसयूची तूट धरून भिंतीतून ३४५ च्या आसपास. मॉनिटर जोडला की यूपीएस ओव्हरलोड होऊन लाईट जाताक्षणी बंद. मूळ ८८ वॅटला हाच आकडा २८५ च्या आसपास राहतो. तो निभावतो, पण सॉल्व्ह चालू असताना सेव्ह करून बंद करण्यापुरताच. ओव्हरक्लॉकच्या बाजूने गेलात तर १ केव्हीएचा यूपीएस हाही खर्चात धरा.

टूलरूमसाठी मला सगळ्यात मोठा धोका वेगळाच वाटतो. अस्थिर प्रोसेसर दर वेळी क्रॅश होत नाही. कधी तो चुकीचं गणित करून पुढे जातो. गेममध्ये एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल, कुणाला कळणारही नाही. तुमच्याकडे तेच गणित टूलपाथमध्ये जाणार आणि टूलपाथ व्हीएमसीवर (मिलिंगच्या सीएनसी मशीनवर). असेंब्लीची फाईल सेव्ह होताना बिघडली तर बॅकअपमध्येही बिघडलेलीच जाते. ज्या पीसीतून जी-कोड (सीएनसी मशीनला द्यायच्या आज्ञा) निघतो त्याच्यावर ओव्हरक्लॉक नको, हे मी ठाम सांगेन.


मिरज_जंक्शन:
इंटेलचा विचार केला का? आय५ १४६००के घेऊन ओव्हरक्लॉक?


रिगबांधणी:
@मिरज_जंक्शन, इंटेलमध्ये दोन अटी एकत्र लागतात: नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड. बी७६० वर १४६००के बसतो आणि उत्तम चालतो, पण त्याचा मल्टिप्लायर हलत नाही. झेड७९० चा खर्च धरला तर स्वस्तात ओव्हरक्लॉक ही गोष्टच उरत नाही. आय५ १२४००एफ सारख्यांना तर कुलूपच असतं. १४६००के मूळ अवस्थेत मात्र तगडा आहे, ६ परफॉर्मन्स आणि ८ एफिशियन्सी कोअर. पण पूर्ण भाराला १८१ वॅट मागतो. पत्र्याखाली, एसीशिवाय नको.

१३ व्या-१४ व्या पिढीतला कुठलाही के प्रोसेसर घेतलात तर बायोसमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरचं आतलं सॉफ्टवेअर) ०एक्स१२बी किंवा त्यापुढचा आहे ना ते पहिल्या दिवशीच बघा. जादा व्होल्टेजमुळे या चिपा हळूहळू खराब होत होत्या, त्यावरचा हा सप्टेंबर २०२४ चा उपाय. आधीच बिघडलेली चिप त्याने सुधारत नाही, म्हणून या पिढीतला जुना, वापरलेला प्रोसेसर टाळा.


कुपवाड_टूलरूम:
सगळ्यांचे मनापासून आभार. @कृष्णाकाठ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बघितलं. नेहमीच्या फिक्स्चरच्या सॉल्व्हला मेमरी २२ जीबीपर्यंत जाते आणि आत्ताच्या मशीनचे चारही कोअर पूर्ण भरतात. टूलपाथ काढतानाही तसंच. ब्लेंडर सीपीयूवरच चालू होतं, ते बदलतो. म्हणजे ७७०० घ्यायचा आणि ओव्हरक्लॉक करायचा नाही. मग बोर्ड ए६२० ठेवला तर चालेल का? आणि धुळीचं काय करावं?


कृष्णाकाठ:
२२ जीबी म्हणजे ३२ पुरतात. चारही कोअर भरतात म्हणजे ७७०० चं काम आहे. फक्त मॉडेलिंग असतं तर मी ७६०० मूळ अवस्थेत आणि उरलेले पैसे रॅमला असंच सांगितलं असतं.

ए६२० चालेल. ७७०० ला ८८ वॅटच लागतात. पण फोटो बघून घ्या: प्रोसेसरच्या डावीकडच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक बसवलेला असावा. बऱ्याच स्वस्त ए६२० वर तो नसतो आणि ३९ अंशाच्या खोलीत दोन-दोन तास सॉल्व्ह चालला की व्हीआरएम तापून वेग पडतो. प्रोसेसर मात्र सीलबंद डब्यातलाच घ्या. ट्रेवरचा (डब्याशिवाय सुटा) थोडा स्वस्त सांगतील, पण त्यात कूलर नसतो आणि डब्यावर एएमडीची जी तीन वर्षांची वॉरंटी असते ती ट्रेला थेट मिळत नाही, विकणाऱ्याच्या शब्दावर राहावं लागतं. बिलावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या, ७७०० आणि ७७००एक्समध्ये गल्लत होते. एक्सच्या डब्यात कूलर येत नाही.

धुळीचं कुपवाडात जास्तच मनावर घ्या. ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी विजेची वाहक आहे, बोर्डावर बसली तर शॉर्ट होऊ शकतो. मशीन शॉपच्या दारासमोर पीसी ठेवू नका, जमिनीवर तर नकोच, निदान दोन फूट वर. पुढे जाळी आणि काढता येणारा फिल्टर असलेला कॅबिनेट, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत हवेचा दाब किंचित जास्त राहिला की फटींतून धूळ शिरत नाही. गळीत हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी उडते, तेव्हा फिल्टर पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून लावा. एरवी महिन्याने. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, मोकळी फिरू दिली तर बेअरिंग जातं. कॉम्प्रेसरच्या लाईनची हवा वापरू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.


रिगबांधणी:
थोडी भर. पैसे जमत असतील तर बी६५० चा विचार करा, पण वेग वाढवायला नाही. पीपीटी ८८ लाच ठेवून कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह १० केला की त्याच वॅटमध्ये वेग किंचित वर येतो किंवा तापमान काही अंश खाली. मात्र हेही वॉरंटीच्या दृष्टीने पीबीओतच मोडतं आणि वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या यालाही लागतात. रात्रभर कोअरसायकलर लावायची तयारी नसेल तर ए६२० वर मूळ अवस्थेत चालवा, काही बिघडत नाही. पुढे मोठा प्रोसेसर लागला तर एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढे पाठिंबा जाहीर केलेला आहे, त्यामुळे याच बोर्डावर बायोस अपडेट करून बदलता येईल.

जोडणीच्या वेळी: रेथ प्रिझम क्लिपने बसतो, त्यामुळे बोर्डावरचे काळे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढू नका. त्याच्या तळाला पेस्ट लावूनच येते, वरून दुसरी लावायची गरज नाही. पंख्याच्या अंगावर एल आणि एच असं छोटं स्विच असतं, उन्हाळ्यात एच. बोर्डाला रॅमच्या चार खाचा असतील तर दोन स्टिका प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या बूटला दहा मिनिटं तरी वाट बघा. मॉनिटरची केबल ४०६० ला लावली आहे ना तेवढं बघा. ७७०० मध्येही छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे बोर्डाला लावली तरी चित्र दिसतं आणि सॉलिडवर्क्स का अडखळतंय ते कळत नाही.


कुपवाड_टूलरूम:
ठरलं. सीलबंद ७७००, हीटसिंकवाला ए६२०, ६००० च्या १६-१६ च्या दोन स्टिका. दुकानदाराला कोटेशन बदलून मागितलंय. एक्स्पो लावून मेमटेस्ट झाला की आकडे इथेच टाकतो.